थोरल्याची बॅग

कुठल्याही वस्तूला हात लावायचा झाला की आबा आधी तिच्यावर पंजा टेकवायचे, दोनदा हलकं थोपटायचे आणि विचारायचे, "नीट हाय ना?" हे वस्तूला. माणसाची चौकशी नंतर.

माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिलाई मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, थोपटलं आणि म्हणाले, "नीट हाय ना?" मी आत कापड बेतत होतो. सकाळपासून गिऱ्हाइकांशी नुसती कटकट झाली होती. म्हटलं, "मशीन बरं हाय, मालक बी बरा हाय. काम काय ते बोला."

"बोलतो की भाई. घाई न्हाय."

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला माझं दुकान आहे. मोटरसायकलची सीट कव्हरं, ट्रॅक्टरच्या हुडाचं कापड, ट्रॉलीच्या ताडपत्र्या, झालंच तर भजनी मंडळांच्या तबल्या-पेट्यांच्या खोळी, असं सगळं मी शिवतो. पहिल्या पाळीला डेअरीत जाणाऱ्यांच्या मोटरसायकली दुकानावरूनच जातात. त्या गर्दीत तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. अंथुर्ण्याहून यायचे. डेअरीचा निळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, आणि पुढे एखादी ट्रॉली रेंगाळत असली तरी तिला कधी ओलांडून जायचे नाहीत. मागचे हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचे. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणू लागलो. नाव सांगत बसत नाही, स्वतःचं नाव कुठे निघालेलं त्यांना आवडायचं नाही.

"एक बॅग पायजे," आबा म्हणाले.

"कसली?"

"मोठी."

"मोठी म्हंजे केवढी?"

त्यांनी हात स्वतःच्या डोक्याच्याही वर नेला. आबा काही बुटके नव्हते. मग दोन्ही हात पसरून रुंदी दाखवली.

"आबा, माणूस घालायचाय का काय आत?"

ते हसले नाहीत. मशीनवरचा हात तेवढा काढून घेतला.

बॅग हवी होती डबल बासला. तुम्ही डबल बास पाहिला नसेल तर सांगतो. दिसायला व्हायोलिनसारखा, पण माणसाहून उंच. जमिनीवर उभा करायचा, आपण त्याच्या मागे उभं राहायचं आणि जाड तारा बोटांनी ओढायच्या. आवाज असा खालचा की कानाच्या आधी पोटाला कळतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात असा दुसरा असेल असं मला वाटत नाही. असलाच तर कळवा, त्याचीही खोळ शिवून देईन.

तरुणपणी आबा पुण्याला एका ऑर्केस्ट्रा पार्टीत सामान उचलायला होते. वाजवणाऱ्याने हौसेने शिकवलं, हे शिकले. पुढे पार्टी मोडली. ज्याने त्याने आपापलं वाद्य नेलं, हे धूड मात्र कोणालाच नको होतं. आबांनी ते गावी आणलं. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. आई म्हणाली, "बायकूच्या आदी ह्ये कोण रं आणलंस घरात?" आबा म्हणाले, "थोरला." तेच नाव पडलं. मग लग्न झालं, मुलगा झाला, तर त्याला घरात धाकटा म्हणू लागले. एकुलतं एक पोर आणि धाकटा! गावाला या गमतीची सवय होऊन गेली.

थोरला गावच्या भजनी मंडळात वाजू लागला. पुढे टाळ, मृदंग, पेटी आणि सगळ्यांच्या मागे हा. सुरुवातीला लोक म्हणाले, देवळात रेडा कोणी बांधलाय? मग एकदा आबांना ताप आला, थोरल्याविना भजन झालं, तर म्हातारी माणसं उठून विचारायला लागली, आज आवाज असा पोकळ का येतोय? त्यानंतर रेडा कोणी म्हटलं नाही.

पण आबा माझ्याकडे आले तेव्हा थोरला घरी नव्हता. देवळामागच्या कोठीत, सतरंज्या आणि पातेल्यांमध्ये पडून होता. तिथे उंदीर. पुण्याचा एक वाजवणारा त्याला न्यायला तयार होता. आबांनी त्याला थोपवून धरलं होतं.

"बॅग मनासारखी झाली तर थोरला घरात यील," आबा म्हणाले. "न्हाय झाली तर दिऊन टाकायचा."

"घरात का यीना? दार बारकं हाय का?"

"दार चांगलं दोन फळ्यांचं हाय, भाई. थोरला आला की लावून घेत्यात."

मला वाटलं, बायकोला अडगळ नको असेल. आमच्याही घरात माझ्या ताडपत्र्यांवरून रोज हेच चालतं. मी काही जास्त विचारलं नाही.

माप घ्यायला मी अंथुर्ण्याला गेलो. मोठ्या वस्तूचं माप मी वर्तमानपत्रांवर काढतो. कागद चिकटवायचे, वस्तू वर आडवी ठेवायची, कडेने पेन्सिल फिरवायची. सोपं काम. पण आबा थोरल्याला आडवं करू देईनात.

"उभ्यानंच घ्या, भाई."

"उभ्यानं कसं घिऊ? मी काय चालत्या बैलाला झूल शिवतोय?"

"घाई न्हाय. स्टूल आणतो."

मग मी स्टुलावर, कागद थोरल्याला गुंडाळलेला, आबा खालून धरलेले. मी शिव्या घालतोय आणि आबा थोरल्याची पाठ थोपटत त्याला विचारतायत, "नीट हाय ना?" मी म्हटलं, "त्येचं सोडा, माझं इचारा."

पुण्याच्या त्या माणसाने नमुन्याला म्हणून स्वतःची बॅग पाठवली होती. काय बॅग होती! काळं जाड कापड, आत फोम, मधोमध वरपासून खालपर्यंत चेन. शिलाईत एक टाका वाकडा नाही. मी ती फळीवर पसरली आणि आबांना म्हटलं, "हिच्यासारखी जमली तर माझं नशीब."

आबांनी बघितलं आणि मान फिरवली. "न्हाय."

"का न्हाय?"

"आडवी ठिवली की कशी दिसती बगा."

मी नीट बघितलं. काळी, लांब, मधोमध चेन. भिगवणला धरणाच्या पाण्यात कोणी बुडालं की ज्या बॅगेत घालून पोलिसांच्या गाडीत चढवतात, तशी. मी गपचूप ती गुंडाळून ठेवली.

मग मी खाकी कॅनव्हासची करून बघितली. दोन्ही बाजूंना धरायला पट्टे, चौघांनी उचलायची. आबा म्हणाले, "चौघांनी नको." मग निळ्या पॅराशूटच्या कापडाची बेतली. म्हणाले, "रंग चांगला हाय, पर लांबडी दिसती." इथे मात्र माझं डोकं फिरलं.

"आबा, वस्तूच लांबडी हाय! मी काय जादूगार हाय का? लांबड्या वस्तूची बॅग लांबडीच व्हणार. तुमाला बॅग पायजे का नको ते एकदा सांगा."

ते बाकावर बसले. मी चहा सांगितला. चहाच्या पेल्यालाही त्यांनी बोट लावून बघितलं आणि मग बोलायला लागले. आधी हसण्याचंच सांगितलं.

थोरल्याला पूर्वी मंडळाच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळायचे. वरून दोरी बांधायची, पिकअपच्या हौद्यात आडवा ठेवायचा आणि हलू नये म्हणून उशाशी कोणीतरी हात ठेवून बसायचं. तुम्हीच डोळ्यांपुढे आणून बघा, रस्त्यावरच्या माणसाला काय वाटेल? गावोगावी लोक गाड्या थांबवायचे, टोप्या काढायचे, हात जोडायचे. उसाचे ट्रॅक्टर कडेला घ्यायचे. आबांना लाज वाटायची, मंडळाला हसू आवरायचं नाही. एकदा भिगवणच्या हॉटेलापाशी गाडी थांबली आणि एका म्हातारीने पदर तोंडाला लावून विचारलं, "कोण वो?" तर उशाशी बसलेल्या धाकट्याने गळा काढला, "आमचा थोरला गेला वो!" म्हातारी रडायला लागली. शेवटी चादर सोडून तिला तारा दाखवाव्या लागल्या. म्हातारीने धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला आणि भज्यांची बशी आणून दिली.

"लई हसायचा धाकटा," आबा म्हणाले. "पोट धरून हसायचा."

मग त्यांनी पेला बाजूला ठेवला. मी म्हटलं, "आता काय करतो त्यो?"

"आता न्हाय त्यो."

दिवेलागणीला मोटरसायकलवरून घरी येताना धाकटा रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून गेला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, काही नव्हतं. बारामतीच्या दवाखान्यातून त्याला घरी आणला तो पांढऱ्यात, पिकअपच्या हौद्यात, आडवा. उशाशी आबा हात ठेवून बसलेले. रस्त्यावर लोकांनी हात जोडले.

कित्येक महिने थोरला कोपऱ्यात उभा राहिला. मग मंडळाने आबांना आग्रह करून भजनाला नेलं. चार माणसांत येईल, मन जरा हलकं होईल, म्हणून. भजन झालं, नेहमीसारखा थोरला चादरीत बांधला, पिकअप अंगणात आली, चौघांनी तो धरून उतरवला. गाडीचा आवाज ऐकून आबांच्या बायकोने दार उघडलं होतं.

"तिनं बगितलं आन दार लावलं," आबा म्हणाले. "मी हाका मारतोय, अगं थोरला हाय, थोरला हाय. तर आतनं म्हणली, म्हाईत हाय मला. थोरला ऱ्हायला, धाकटा गेला."

दुकानात मी आणि ते दोघेच होतो. मी निळं कापड उचललं, घडी केली, परत उलगडलं. शेवटी म्हटलं, "आबा, माझ्याच्यानं ह्ये ठरायचं न्हाय. वहिनींना घिऊन या. दार त्यांचं हाय."

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. आबांच्या मागे मोटरसायकलवर, डोक्यावरून पदर, आणि त्यावरून हेल्मेट. आल्या त्या स्टुलावर बसल्या. मी कापडं काढत गेलो. चॉकलेटी, राखाडी, निळं. त्या नुसत्या बघत होत्या. आबा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

"वहिनी, कसं पायजे ते तरी सांगा," मी म्हटलं.

"त्यो आडवा का येतो?" त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"थोरला. वाजताना उभा आसतो, घरात उभा आसतो. मग येताना आडवा का आणत्यात? उभा आणा त्येला. आपल्या पायानं यिऊ द्या."

अहो, इतके दिवस मी रंग आणि कापड करत बसलो होतो! बॅगेच्या तळाला लाकडाची फळी, फळीला दोन चाकं, वर मानेपाशी धरायला मूठ. गाडीतही उभा, केबिनच्या जाळीला पट्ट्याने बांधायचा. मी खडूने बेतायच्या फळीवरच चित्र काढून दाखवलं. वहिनींनी मान हलवली. कापड त्यांनी पिवळं निवडलं, बालवाडीच्या गाडीच्या पडद्यांतून उरलेलं. माझ्या मनात आलं, भजनात हे फारच भडक दिसेल. पण तोंड बंद ठेवलं.

जायला उठल्या आणि दारात थबकल्या. तिथे मी ट्रॉलीच्या ताडपत्र्यांना लावायची रेडियमची लाल पट्टी टांगून ठेवतो. उजेड पडला की लखलखते ती. वहिनींनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली.

"ही बी लावा," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला. वरपासनं खालपातूर. मागनं येणाऱ्याला दिसलं पायजे."

त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी खाली मान घालून पट्टी मापायला लागलो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही लपवत नाही.

बॅग झाली. अशी बॅग मी त्याआधी शिवली नव्हती आणि पुन्हा शिवणारही नाही. पिवळीजर्द, पाठीवर लाल पट्टी, खाली चाकं. बघून मंडळातली माणसं म्हणाली, थोरल्याचं लगीन काढलंय का? आबा नुसते हसले. पिकअपमध्ये तो उभा बांधला, मीही बरोबर गेलो. रस्त्यात हात कोणी जोडले नाहीत. शाळेच्या पोरांनी टाटा केला.

अंगणात गाडी थांबली. थोरल्याला खाली उतरवला आणि आबा त्याच्या मुठीला धरून चालू लागले. चाकं खडखडत होती. वहिनी दारात उभ्या होत्या, दाराच्या फळीवर हात ठेवून. आबा निम्म्या अंगणात थांबले. पुढे व्हायला धजेनात. मंडळी गाडीपाशीच खिळून राहिली. पुण्याचा माणूस त्याच आठवड्यात येणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वहिनींनी थोरल्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. मग एक फळी लावलेलीच ठेवली आणि दुसरी उघडली. थोरला तिरका करावा लागला, पण आत गेला. पुण्याच्या माणसाची काळी बॅग आबांनी त्याच्याकडे परत पाठवून दिली.

पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली म्हणायची. सुखाची म्हणत नाही. एकदा मी मुद्दाम त्यांचं भजन ऐकायला गेलो. वहिनी बायकांत अगदी मागे, खांबाला टेकून बसल्या होत्या. नंतर मी विचारलं, "एवढ्या लांब थोरला ऐकू येतो का, वहिनी?" म्हणाल्या, "कानाला न्हाय येत. भुईतनं येतो, तळव्याला कळतो."

आणि आबा माझ्या दुकानात येत राहिले. काम नसतानाही. बॅगेची चेन बरी आहे, चाक बरं आहे, हे सांगायला. मशीनला थोपटायचे. मी म्हणायचो, "आबा, मशीन नीट हाय, चहा घ्या." ते म्हणायचे, "घाई न्हाय."

गेल्या वर्षी, हिवाळ्यात, डेअरीतच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पाळीवरच्या माणसांनी दवाखान्यात नेलं आणि माझं दुकान जवळ म्हणून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पांढऱ्या चादरीवरून मी त्यांच्या पंजाला हात लावला. आबा, एवढी कसली घाई झाली हो तुम्हाला? मोठ्याने म्हणालो मी. नर्सने वळून बघितलं, बघू दे.

अँब्युलन्समधून त्यांना घरी आणताना मागे त्यांचे दोन चुलतभाऊ बसले आणि मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. माझ्या मनात एकच येत होतं. ती बाई दारात उभी असेल. गाडी अंगणात जाईल, चौघं धरून उतरवतील, पांढरं, आडवं. या वेळी चादर सोडून दाखवायला आत तारा नाहीत. ती दार लावून घेईल आणि आपण बाहेर काय सांगणार?

अंधार पडत आला होता. डांबरी रस्ता सोडून वस्तीकडे वळलो आणि मी घोटाळलो. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, सगळ्या वाटा सारख्या. ड्रायव्हर नवा. मागे चुलतभावांना हाक मारली तर मधल्या काचेतून त्यांना ऐकूच गेलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "पुढं दोन वाटा दिसतायत. कुठं वळायचं?"

मी काचेतून दोन्हीकडे वाकून बघत होतो. तेवढ्यात गाडीचा उजेड वळणावर पडला आणि समोर लाल रेघ पेटली. उभी, माणसाएवढी.

थोरला वाटेच्या तोंडाशी पाठ करून उभा होता. त्याच्या मुठीला धरून वहिनी उभ्या होत्या. घरापासून एवढ्या लांब, खडीच्या वाटेने, त्यांनी एकटीने त्याला ढकलत आणला होता. मी खाली उतरलो. मला काही बोलू न देता त्या म्हणाल्या, "अंधारात वाट चुकती हितं. मागनं येणाऱ्याला दिसलं पायजे."

मग त्या अँब्युलन्सच्या मागे गेल्या. बंद दारावर पंजा टेकवला, दोनदा थोपटलं. विचारलं मात्र काही नाही.

थोरल्याला घेऊन त्या पुढे चालू लागल्या. आम्ही गाडी त्यांच्या पावलांनी मागून घेतली. खडीवर चाकं खडखडत होती आणि उजेडात ती लाल पट्टी वहिनींच्या बरोबरीने चालली होती. मी रडत होतो. ऊस संपला, अंगण आलं. बघितलं तर घरातले सगळे दिवे लावलेले होते आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या.